बार्लोसाहेबांचे ओले बूट

प्रिय कापा,

तू हे वाचणार नाहीस, ते मला कळतं. वाचू शकत असतीस तरी दुसऱ्या ओळीला चष्मा काढला असतास आणि म्हणाली असतीस, "ल्वोव्ना, तूच वाच, मी तोवर बटाटे सोलते." तर ऐक.

काल धक्क्यावर एका परदेशी मुलीने मला अडवलं. हातात फोन, फोनवर कुणा प्रवाशाने लिहून ठेवलेली माहिती. विचारते काय, तर इथल्या 'प्रिस्तान' हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर जी हेर बाई बसायची, तिची जागा कुठली? राज्य गेलं, झेंडा गेला, हॉटेलची पाटी किती वेळा बदलली, पण तू आपली अजून हेरच. मी तिला सांगितलं, बाई हेर नव्हती, ती बूट वाळवायची. पोरीचं तोंड असं उतरलं की जणू मी तिच्या हातातला खाऊ काढून घेतला. मला एवढा राग आला की आज सकाळी चहासुद्धा न घेता लिहायला बसले. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र चार लोक वाचणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

तू, म्हणजे कापितोलिना सावेल्येव्ना, जन्म व्होल्गा नदीच्या पलीकडच्या गावातला, जिथे अळशीच्या धाग्याची गिरणी होती. नवरा नदीवरच्या बोटीत कोळसा टाकायचा, तो तिथेच खोकून खोकून गेला. मुलगी एक, लग्न होऊन अर्खांगेल्स्कला. तू आमच्या कस्त्रमाच्या 'प्रिस्तान' हॉटेलात आलीस आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्यासमोरच्या टेबलाशी बसलीस ती बसलीसच. टेबलावर दिवा, मागे किल्ल्यांचा फळा, बाजूला चहाचा विजेवरचा सामोवार. बाहेर जाणाऱ्याने किल्ली तुझ्या हातात द्यायची, आलेल्याने तुझ्याकडून घ्यायची. तेव्हा देशभर प्रत्येक हॉटेलात प्रत्येक मजल्यावर अशी एक मजलेवाली असे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. तिसरा मजला परदेश्यांचा होता, एवढंच.

आणि तुझा चेहरा. आता स्पष्टच बोलते, तुझा चेहरा काही पाहुण्यांच्या स्वागतासाठी घडवलेला नव्हता. ओठांची दोन्ही टोकं खाली, भुवया एकमेकींना भिडलेल्या. घरी तू पोट धरून हसायचीस, पण कामावर नाही. मी एकदा म्हटलं होतं, जरा हसत जा, परदेशी माणसं घाबरतात. तू म्हणालीस, "ऑपरेशन करताना डॉक्टर हसायला लागला तर तू टेबलावरून पळशील का नाही?" आमच्याकडे सगळ्यांचंच असं. अनोळखी माणसाकडे बघून हसणारा एक तर प्यालेला असतो, नाही तर त्याला काहीतरी खपवायचं असतं.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीत प्रवाशांची दुभाषी म्हणून काम करायची. त्यामुळे आमच्यावर लिहिलेली पुस्तकं माझ्या हाती बरीच आली. सगळ्यांना दिसायच्या त्याच तीन गोष्टी: बर्फ, रांग आणि मजल्यावरची उग्र बाई. आठवडाभर राहायचे आणि रशियाचा आत्मा बघून जायचे. मी इथे जन्मले, मला तो अजून दिसलेला नाही.

आपली पहिली भेट तुला आठवते का? मी तरातरा जिना चढून आले आणि तू हात आडवा केलास. "बूट." मी ऐटीत म्हटलं, मी दुभाषी आहे. तू म्हणालीस, "छान. मग बुटांना समजावून सांगा, फरशी लाकडाची आहे."

ही फरशी तुझा जीव होती. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं की आमच्या रस्त्यांचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आपण दारातच बूट काढतो आणि सपाता घालतो. परदेशी पाहुणे मात्र पातळ तळव्यांचे, नाजूक शिवणीचे बूट घालून यायचे, दिवसभर चर्च बघत चिखलात फिरायचे आणि तसेच भिजलेले बूट घेऊन खोलीभर वावरायचे. तुझा जीव तुटायचा, फरशीसाठी आणि त्या बुटांसाठीही. मग काय, पाहुणे जेवायला खाली गेले की तू टॉवेल ठेवायला खोलीत जायचीस. चिखलाचे बूट दिसले की उचलून आणायचीस, पुसायचीस, आत जुन्या पेपराचे बोळे कोंबून आपल्या टेबलामागच्या रेडिएटरपाशी ठेवायचीस. फार जवळ नाही, कातडं तडकतं. सकाळी बूट त्यांच्या दाराशी, बोळ्यांसकट, कारण घालेपर्यंत आकार राहायला हवा. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तर कुणाला सांगायचं तुझ्या मनातही आलं नाही. चहा दिला की 'हा चहा आहे' असं कोण सांगतं?

आमच्या देशात ऑलिंपिक झालं त्याच्या आदल्या वर्षी बार्लोसाहेब आले. इंग्लंडातले शाळामास्तर, उंच, वाकलेले, प्रत्येक वाक्यानंतर माफी मागणारे. दुसऱ्या दिवसापासून ते तुझ्याकडे बघेनासे झाले. किल्ली टेबलावर ठेवायची आणि पळायचं. नाश्त्याला बसले तर घास घशाखाली उतरेना. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "त्या लांबड्याचं पोट बिघडलंय. विचारायचं नाही, माणूस लाजतो." आणि तू आपला साधा उपाय केलास. काळ्या पावाचे कडकडीत वाळवलेले तुकडे आणि दूध-साखरेशिवाय कडक चहा, सकाळ-संध्याकाळ त्याच्या खोलीत. तो प्यायचा, तुकडे चावायचा आणि तुझ्याकडे अशा नजरेने बघायचा की मलाही वाटलं, पोट खरंच वाईट बिघडलंय.

साहेब परत गेले. आपण विसरलो.

नंतर राज्य गेलं आणि सगळं उलटंपालटं झालं. ते सांगत बसत नाही, आपण दोघींनी ते रांगांमध्ये उभं राहून पाहिलं. 'प्रिस्तान'चा मालक बदलला आणि व्यवस्थापक म्हणून आला आपला वादिम, आपल्याच स्वयंपाकीणबाईचा मुलगा, हॉटेलच्या ओट्याखाली रांगत मोठा झालेला. आता त्याच्याकडे लाल कोट होता. आल्या आल्या त्याने दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या बायकांना घरी पाठवलं. जगात कुठेच मजलेवाल्या नसतात, म्हणाला. तुझी पाळी पुढच्या सोमवारची होती. पेन्शनवर तेव्हा कुणाचं पोट भरत नव्हतं, तुझं तर नाहीच, कारण तू मुलीलाही पैसे पाठवत होतीस.

आणि त्याच्या आधीच्याच शनिवारी एक इंग्रज जोडपं आलं, हातात पुस्तक, आणि विचारू लागलं: तिसऱ्या मजल्यावरच्या कर्नलबाई अजून आहेत का?

वादिमने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात तू कोबी चिरत होतीस, तो स्टुलावर, मी उभी. पुस्तक बार्लोसाहेबांचं होतं आणि तुझ्यावर त्यात चांगली तीन-चार पानं होती. मी जसंच्या तसं सांगत गेले, मला गोड करून सांगता येत नाही. लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावर गुप्त पोलिसांची एक अधिकारी बसवलेली होती, हुद्द्याने कर्नल, जाड घोट्यांची, दगडी चेहऱ्याची. जेवायला गेलं की ती खोलीची झडती घ्यायची. साहेबांचे बूट तपासणीसाठी रातोरात नेले आणि सकाळी परत आले ते आत सरकारी वर्तमानपत्र कोंबून! डाव्या बुटात पोलाद कारखान्याची बातमी, उजव्यात परराष्ट्रमंत्र्याचं भाषण. त्या दोन पानांतून तिला काय इशारा द्यायचा होता यावर साहेबांनी एक अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. मग ती साहेबांना कैद्याचा शिधा देऊ लागली, कोरडा पाव आणि कोरा चहा, आणि ते तो संपवतात का हे दारात उभी राहून बघायची.

वादिम हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. मीही हसले, खोटं कशाला बोलू? तू हसली नाहीस. आधी "जाड घोट्यांची?" एवढंच म्हणालीस. मग सुरी खाली ठेवलीस.

"चोर लिहिलं असतं तरी चाललं असतं," तू म्हणालीस.

तेव्हा मला आठवलं आणि माझं हसू गेलं. तुझ्या वडिलांना गावातल्याच कुणीतरी केलेल्या चहाडीवरून गुप्त पोलिसांनी नेलं होतं, तू तेव्हा पाळण्यात होतीस. चहाडी कुणाची, ते तुझ्या आईला माहीत होतं. त्या घरावरून जाताना ती आयुष्यभर रस्त्याची बाजू बदलत राहिली. आणि आता तूही छापील पुस्तकात, त्याच चहाडखोरांच्या यादीत.

वादिमला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपल्याच हिशेबात. म्हणाला, "कापा मावशी, नशीब उघडलं तुमचं. लोक तुम्हाला बघायला येतायत. करडा कोट आणतो, एक मोठा टेलिफोन ठेवू, काळा चष्मा..."

"वाद्या, तुझं नाक पुसलंय मी."

"म्हणून तर सांगतोय. हेर असाल तर जागा आहे. नुसत्या मजलेवालीला मी कुठून पगार देऊ? मालक माझी मान मोडेल."

त्याचंही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. खरं बोलावं तर नोकरी जाते आणि गप्प बसावं तर अब्रू. तू चिरलेला कोबी पातेल्यात लोटलास. मग म्हणालीस की कोट नको, चष्मा नको, आहे तशीच बसेन. हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. पण त्या लांबड्याला इथे बोलव. ज्याने लिहिलं त्याच्या तोंडावर बोलेन, मग तुला काय करायचं ते कर. वादिमला ही कल्पना फारच आवडली. लेखक स्वतः येणार, बरोबर त्याचे वाचक! त्याने त्याच दिवशी इंग्लंडला निरोप धाडला.

साहेब यायला पुढचा एप्रिल उजाडला. तोवर तू बसून राहिलीस. पाहुणे लांबून फोटो काढायचे, तू आपली विणायचीस. गावात बातमी फुटायला काय वेळ? बेकरीतली ती तांबड्या केसांची तमारा रांगेतल्यांना म्हणायला लागली, "सरका, कर्नलसाहेबांना आधी द्या." ती गंमत करत होती, सगळेच गंमत करत होते. तू बेकरी बदललीस. चढणीवरून पार दुसऱ्या टोकाला पावासाठी जायला लागलीस, दुखऱ्या गुडघ्यानिशी. मला म्हणालीस, तिथला पाव बरा असतो. तिथला पाव भिकार होता, कापा.

मग एप्रिल आला. नदीवरचं बर्फ फुटलं, रस्ते नेहमीसारखे झाले आणि बार्लोसाहेब बसमधून उतरले, हातात काठी, मागे त्यांचे वीसेक वाचक, बहुतेक सगळे म्हातारे. वादिमने तिसऱ्या मजल्यावर लाल गालिचा टाकला होता. साहेब जिना चढून वर आले, तुला पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. वाचकांनी कॅमेरे काढले. साहेबांनी जरासं वाकून नमस्कार केला.

तुझी नजर त्यांच्या पायांवर. तेच ते पातळ, नाजूक शिवणीचे बूट, घोट्यापर्यंत भिजलेले.

"अजून शिकला नाही," तू म्हणालीस. मी भाषांतर केलं. "बूट काढायला सांग."

साहेबांनी काढले. आता त्यांना वाटलं असेल झडती होते. तू खुर्ची पुढे सरकवलीस, सपाता दिल्यास, बूट उचलून फडक्याने पुसलेस आणि खणातला पेपर काढलास. तो नव्या जमान्याचा, गुळगुळीत, रंगीत, जाहिरातींनी भरलेला. दोन बोटांत चोळून पाहिलास आणि तोंड वाकडं केलंस. "यात पाणी शिरतच नाही. वाद्या, तळघरातून जुना गठ्ठा आण."

"मावशी, आत्ता?"

"नाही, मी मेल्यावर."

लाल कोटातला व्यवस्थापक जिना उतरून गेला आणि धुळीने भरलेला गठ्ठा छातीशी धरून आला. तू एक पान फाडलंस, चुरगाळलंस, डाव्या बुटाच्या पार टोकाशी कोंबलंस. मग दुसरं. मग उजवा बूट. साहेबांचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"आता सांग त्याला," तू मला म्हणालीस, "शब्द न् शब्द. साहेब, तुमचे बूट ओले होते म्हणून मी वाळवले. टोकाशी ओल राहते म्हणून पेपर कोंबला. कुठला पेपर होता ते मी बघितलं नाही, ओल्या बुटाला बातमी वाचता येत नाही. पोट बिघडलं म्हणून सुका पाव दिला. मी कुणाची चहाडी केली नाही, कधीच नाही. माझ्या बापाला चहाडीने नेलं. हे तुम्ही लिहायचं. जिथे ते लिहिलंत, तिथे हे लिहायचं."

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं.

वादिमने डोक्याला हात लावला होता. साहेब खुर्चीत बसले होते, पायात तुझ्या चौकटीच्या सपाता. मग म्हणाले, "पण माझं पोट तर ठणठणीत होतं. मी घाबरलो होतो."

हे मी तुला सांगितलं आणि तुझा तो कामावरचा चेहरा, कापा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोडला. आधी ओठांचं एक टोक हललं, मग दुसरं, आणि मग तू टेबलाला धरून हसायला लागलीस. "घाबरला होता! माझ्या पावाला!" साहेबही हसू लागले, हसता हसता डोळे पुसू लागले, माफी मागू लागले, पुन्हा हसू लागले. मागचे म्हातारेही हसत होते. त्यांच्यातली एक ठेंगणी आजी पुढे आली, भिंतीला धरून आपले ओले बूट काढले आणि तुझ्या टेबलावर ठेवले. मग दुसरी. मग तिचा नवरा. त्या संध्याकाळी जेवायला सगळे मोज्यांवर उतरले, आणि तिसऱ्या मजल्यावरचा लाल गालिचा बुटांनी झाकून गेला, प्रत्येकाच्या पोटात जुन्या राज्याच्या बातम्या. वादिम त्या बुटांकडे बघत उभा होता. त्याचं डोकं चालतं हे मान्य करायला हवं. पुढच्या मोसमात हॉटेलच्या माहितीपत्रकात हेराचं नाव नव्हतं. छापलं होतं: 'तिसऱ्या मजल्यावर ओले बूट वाळवून मिळतील.' तू टेबलाशी तशीच राहिलीस, पगारासकट. आणि पाव पुन्हा तमाराकडून आणू लागलीस. "बाजूला व्हा," तू रांगेत म्हणालीस म्हणे, "कर्नल निवृत्त झालाय, घाईत आहे."

प्रवाशांचं म्हणशील तर ते सुधारले नाहीत. आता ते लिहू लागले की रशियन माणसाचं मन व्होल्गाएवढं मोठं, अनोळखी पाहुण्याचे बूट ही माणसं आईच्या मायेने वाळवतात. मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "माया कसली डोंबलाची! माझी फरशी खराब होते." बार्लोसाहेबांनी शब्द पाळला, पुढच्या आवृत्तीत तुझं सगळं म्हणणं छापलं, घोट्यांचा उल्लेखही काढला. पण जुनी आवृत्ती जास्त खपली होती. म्हणून तर कालची ती पोरगी.

साहेबांनी आपल्या दोघींना इंग्लंडला बोलावलं होतं. तू साफ नाही म्हणालीस. तिथे सगळे बूट घालून घरात फिरतात, माझ्याने बघवणार नाही. मी निघाले. प्रवासाला निघण्याआधी घडीभर बसायच्या आपल्या रीतीप्रमाणे आपण माझ्या दिवाणखान्यात बॅगेवर बसलो. मी उठणार तेवढ्यात तू म्हणालीस, "ल्वोव्ना, मला त्यांचा एक पेपर आण. रंगीत नको, साधा. एकदा त्यांच्या पेपरात बूट वाळवून बघते, कोणाचा जास्त पाणी पितो ते." मी म्हटलं, एवढंच? तू म्हणालीस, "मग काय राणी आणतेस?"

पेपर मी आणला. जाडजूड, साधा, शाईचा वास मारणारा. विमानात शेजाऱ्याने मागितला, दिला नाही. पण मी आले तेव्हा तू मुलीकडे अर्खांगेल्स्कला गेली होतीस, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला. फोनवर म्हणालीस, पाठवू नकोस, पोस्टात चुरगळेल. एप्रिलमध्ये येते, चिखल झाला की बघू. तू एप्रिलपर्यंत थांबली नाहीस.

काल त्या मुलीच्या नादात मी धक्क्यावरून डबक्यांतून चालत आले. बूट पार भिजले. कपाटावरून तुझा पेपर काढला, एक पान उलगडलं, मग परत घडी घालून होता तिथे ठेवला. बुटांत आपल्या बाजारातल्या गुळगुळीत जाहिरातींचे बोळे कोंबले. सकाळी पाहिलं तर टोकं ओलीच होती.